ज्यांचे नाव कागदावर नाही

मनुष्य जन्मास येतो तो हातात कागद घेऊन येत नाही. पण जन्मला की त्याच्या मागोमाग कागद येऊ लागतात. बाप्तिस्म्याचा दाखला येतो, शाळेचा दाखला येतो, शिधापत्रिका येते, जमिनीचा पट्टा येतो, आधार कार्ड येते, आणि परमुलखी जावयाचे झाले तर पासपोर्ट येतो. घरातील पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घड्यांखाली, हे पुडके जपून ठेवलेले असते. ज्याच्यापाशी कागद आहे त्याला त्याची किंमत सहसा जाणवत नाही. ज्याच्यापाशी तो नाही, त्याला मात्र ती प्रत्येक नाक्यावर आणि प्रत्येक कचेरीच्या खिडकीपाशी जाणवते.

आज जगात असे कोट्यवधी लोक आहेत, की जे पोटासाठी आपला देश सोडून दुसऱ्या देशात गेले, तेथे राबत आहेत, परंतु तेथे राहण्याचा परवाना त्यांच्यापाशी नाही. मुकादमाने मजुरी बुडविली तर त्यांना फिर्याद करता येत नाही. कारण फिर्याद घेऊन गेलेलाच प्रथम पकडला जाण्याचे भय असते. आजारी पडले तर इस्पितळात जाण्यास ते कचरतात. आईबाप वारले तरी मातीस येता येत नाही. कारण एकदा सीमेबाहेर पाऊल पडले की परत आत येणे नाही. ज्यांना अर्ज करण्याची वाट बंद आहे, त्यांच्यासाठी निषेधाची एकच वाट बहुधा उघडी राहते, आणि ती म्हणजे गाणे. या लेखात आम्ही अशा गाण्यांचा विचार करणार आहोत. त्यांची चाल गोड आहे की नाही, हा आमचा प्रश्न नाही. त्या गाण्यांनी जे एक काम केले आहे, ते आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचे आहे: सरकारी वहीत ज्यांचे नाव लिहिले गेले नाही, त्यांचे नाव त्या गाण्यांनी लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, गुडीहत्नूरसारख्या गावी बसून दूरदेशीच्या या गोष्टी कशाला? पण गुडीहत्नूर हे काही जगापासून तुटलेले गाव नव्हे. नागपुराहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो, आणि येथूनच इंद्रवेल्ली व उटनूर यांच्याकडे रस्ता फुटतो. मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू अशा पाच भाषा या मुलखात कानी पडतात. २०२० सालच्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे हैदराबादेकडील कामे बंद पडली, तेव्हा याच महामार्गाने मजुरांचे तांडे डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन उत्तरेकडे चालत गेले. त्या प्रवासात देशभर किती मजूर मेले, याची माहिती उपलब्ध नाही, असे लेखी उत्तर केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत दिले. ही माणसे परदेशी नव्हती. याच देशाची नागरिक होती. तरीही त्यांची यादी कोठे नव्हती. म्हणून हा प्रश्न आपल्या दारावरून जाणारा आहे, असे आम्ही म्हणतो.

प्रथम या गाण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा एका गाण्याची हकिकत सांगतो. २८ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉस गाटोस नावाच्या दरीत एक विमान पेटून कोसळले. विमानात ३२ माणसे होती. त्यांतील एकही वाचले नाही. त्यांपैकी २८ जण मेक्सिको देशाचे मजूर होते. अमेरिकेच्या शेतमळ्यांत फळे आणि भाजीपाला तोडण्यासाठी ते आले होते. कित्येक रीतसर कराराने आले होते व त्यांची मुदत संपली होती. कित्येक परवान्यावाचून आले होते. सरकार त्या सर्वांना सीमेवर परत पाठवीत होते. अपघाताची बातमी दूरवर गेली, तेव्हा वैमानिक, त्याचे सोबती आणि सरकारी पहारेकरी या चौघांची नावे सांगण्यात आली. उरलेल्या २८ जणांबद्दल, ते हद्दपार केले जाणारे मजूर होते, एवढेच सांगण्यात आले.

न्यूयॉर्क येथे राहणारा वुडी गथ्री नावाचा एक लोककवी होता. दुष्काळामुळे घरदार सोडून निघालेल्या अमेरिकन शेतकऱ्यांबरोबर तो स्वतः हिंडलेला होता. त्या बातमीतील नावांचा अभाव त्याच्या मनास लागला, आणि त्याने त्यावर कविता लिहिली. सुमारे दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन या शिक्षकाने तिला चाल लावली, पीट सीगर यांनी ती गाइली, आणि मग ते गाणे देशोदेशी पसरले. हद्दपार हाच शब्द त्या गाण्याचे नाव झाला. बातमीने जो शब्द नावाच्या जागी वापरला, तोच कवीने उचलून ऐकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला, आणि विचारले की यांना कोणी नावे ठेवली नव्हती काय?

आता वाचकांनी पुढची गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या २८ जणांस फ्रेस्नो शहरातील होली क्रॉस नावाच्या कॅथोलिक दफनभूमीत एकाच मोठ्या खड्ड्यात पुरण्यात आले होते. त्यावर एक लहानसा दगड होता; विमान अपघातात मेलेले २८ मेक्सिकन नागरिक, एवढाच मजकूर त्यावर होता. पासष्ट वर्षे तो तसाच राहिला. या अवधीत ते गाणे मात्र पिढ्यान् पिढ्या गाइले जात होते. शेवटी टिम हर्नांडेझ या लेखकाने दफनभूमीच्या दप्तरातून, जुन्या वर्तमानपत्रांतून आणि नातेवाइकांच्या आठवणींतून एकेक नाव जुळवीत आणले, व त्या दफनभूमीच्या व्यवस्थापकांनी त्यांस साहाय्य केले. वर्गणी गोळा झाली, आणि २ सप्टेंबर २०१३ रोजी तेथे मोठ्या शिळेचे अनावरण होऊन २८ जणांची नावे तीवर कोरली गेली. सरकारने जे काम केले नाही, ते एका गाण्याच्या टोचणीने झाले.

त्याच मेक्सिको देशात कोरिदो नावाचा एक गाण्याचा प्रकार आहे. आपल्याकडील पोवाड्याशी त्याचे जवळचे नाते दिसते. घटना कोणती, ती कोठे घडली, कोणावर काय प्रसंग आला, हे क्रमाने सांगावयाचे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या कानी ते घालावयाचे, अशी त्याची रीत. सीमा ओलांडणाऱ्या मजुरांची दुःखे या कोरिदोंनीच जगास सांगितली. लॉस टिग्रेस देल नोर्ते हा भावाभावांचा गायकसंघ १९६८ च्या सुमारास मेक्सिकोतून अमेरिकेत आला, आणि १९८० च्या दशकात त्यांचे ‘सोन्याचा पिंजरा’ या अर्थाच्या नावाचे गाणे घरोघरी पोहोचले. परवान्यावाचून दहा वर्षे राहिलेला एक बाप त्यात बोलतो. कमाई आहे, घर आहे. पण पकडले जाण्याच्या भीतीने तो मोकळेपणी बाहेर पडत नाही, मायदेशी जाऊ शकत नाही, आणि त्याची मुले त्याची भाषा विसरू लागली आहेत. ज्या घरचा मुलगा आखातात आहे, त्या घराला हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी अलीकडचे उदाहरण २०१३ सालचे आहे. लॉस एंजेलिस येथील एका गायकसंघाने आपले नाव संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्यावरून घेतले आहे. त्या संघात अ‍ॅकॉर्डियन वाजविणारा तरुण स्वतः लहानपणी परवान्यावाचून आलेला होता. त्यांनी बर्फ या अर्थाच्या नावाचे एक गाणे काढले. कारण परवाना नसलेल्यांस पकडणाऱ्या सरकारी खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार बर्फ असाच होतो. एक मोलकरीण, एक माळी, एक शाळकरी मुलगी अशी साधी माणसे त्यात आहेत. त्याच्या चित्रफितीत कामे करणाऱ्या कित्येकांवर स्वतःच तो प्रसंग आलेला होता. पुढच्या वर्षी त्या संघास ग्रॅमी हा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी तो अमेरिकेतील एक कोटी दहा लाखांहून अधिक कागदहीन लोकांस अर्पण केला. तोंड लपवून जगणारी माणसे आपला चेहरा दाखविण्यास धजली, हे त्या गाण्याचे यश होय.

हे झाले परक्यांचे. आता आपल्या देशाकडे वळू या. कारण परदेशी दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्या लोकांस शंभर वर्षांपूर्वीच आलेला आहे. २३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू नावाचे जहाज कॅनडातील व्हँकुव्हर बंदरात शिरले. त्यावर ३७६ हिंदी प्रवासी होते आणि त्यांतील बहुतेक पंजाबचे शीख होते. आपल्या देशातून मध्ये कोठेही न थांबता थेट आलेल्यालाच उतरू द्यावे, असा नियम कॅनडाने केलेला होता, आणि हिंदुस्थानातून तसे थेट जहाज नव्हतेच. थोडक्या जणांखेरीज कोणासही उतरू दिले नाही. दोन महिने ते जहाज बंदरात तिष्ठत राहिले, आणि २३ जुलै रोजी त्यास परत घालविण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे ते पोहोचले, तेव्हा इंग्रज सरकारच्या गोळीबारात अनेक प्रवासी मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या अन्यायाबद्दल १८ मे २०१६ रोजी संसदेत क्षमा मागितली. त्यासाठी एकशे दोन वर्षे लागली.

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत राबणारे जे हिंदी मजूर होते, त्यांनी गदर नावाचा पक्ष काढला, आणि १ नोव्हेंबर १९१३ पासून सॅन फ्रान्सिस्को येथून त्याच नावाचे पत्र सुरू केले. त्या पत्रात लेखांबरोबर कविता असत. दिवसभर राबून आलेले मजूर एकत्र बसून त्या गात. पुढे त्या कवितांचे ‘गदर की गूँज’ म्हणून एक पुस्तकच निघाले, आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले. परमुलखी अपमानाचे जे घोट गिळावे लागत, त्यांतूनच ही कवने निघाली होती. आपल्या पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे या गावचे विष्णु गणेश पिंगळे याच पक्षात सामील झाले, मायदेशी परतले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही त्याच पक्षातले. इंग्रजांचा ससेमिरा चुकवीत ते शेवटी मेक्सिकोत स्थिरावले, आणि तेथील शेतकी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. ज्या देशाचे मजूर परवान्यावाचून अमेरिकेत जातात, त्याच देशाने एका बेघर मराठी माणसास आश्रय द्यावा, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

या गदर पक्षाचे नाव तेलंगणात कसे आले, हेही सांगितले पाहिजे. तूप्रान गावी १९४९ साली जन्मलेले गुम्मडी विठ्ठलराव यांनी त्याच पक्षाच्या स्मरणार्थ गद्दर हे नाव धारण केले. ६ ऑगस्ट २०२३ रोजी ते वारले. त्यांनी जो राजकीय मार्ग अनेक वर्षे धरला, त्यातील शस्त्राचा भाग आम्हांस मान्य होण्यासारखा नाही, हे स्पष्ट सांगतो; पण घोंगडी खांद्यावर टाकून त्यांनी गाइलेली गाणी भूमिहीनांच्या तोंडी बसली, हे नाकारता येत नाही. आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील लिंगापूरचे गूडा अंजय्या यांचे, हे गाव आपलेच आहे असे ठणकावून सांगणारे तेलुगू गीतही असेच प्रांताची सीमा ओलांडून अनेक भाषांत गेले. ते २०१६ साली वारले.

आणि आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. गुडीहत्नूरहून जो रस्ता इंद्रवेल्लीस जातो, त्या रस्त्याने गेलेल्यास तेथील स्मृतिस्तंभ ठाऊक असेल. २० एप्रिल १९८१ हा सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या हक्कासाठी गोंड बांधवांची सभा तेथे भरावयाची होती. सभेची परवानगी ऐनवेळी नाकारण्यात आली, आणि डोंगरातून चालत आलेल्यांना त्याची वार्ताही नव्हती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला; नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींनी तो त्याहून कितीतरी मोठा सांगितला. लॉस गाटोसच्या दरीत आकडा होता पण नावे नव्हती. येथे आकड्याविषयीही एकमत झाले नाही. पुढे स्तंभ उभा राहिला, तो पाडला गेला, पुन्हा बांधला गेला. कित्येक वर्षे २० एप्रिल रोजी तेथे जमावबंदी असे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी मुख्यमंत्र्यांनी तेथे अभिवादन करून स्मृतिवनाची कोनशिला बसविली.

हे गोंड लोक कोठून बाहेरून आलेले नव्हते. त्यांचीच ही भूमी. पण जंगलखात्याच्या नकाशात आणि महसुलाच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. म्हणून स्वतःच्या भूमीवर ते कागदहीन ठरले. कुमराम भीम यांनी निजामी अमलात याच कारणासाठी लढा दिला, आणि १९४० साली जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकास चौकशीसाठी नेमले. मार्लवाई गावी राहून त्याने गोंडांचे जीवन पाहिले, १९४८ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या खटपटीने पुष्कळांस पट्टेही मिळाले. तथापि पुढच्या तीस वर्षांत त्यांतील बरीच जमीन पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेल्याचे त्यानेच १९८२ सालच्या पुस्तकात लिहून ठेवले.

हे बाहेरचे कोण होते? येथे आपणां मराठी वाचकांस थोडे थांबावे लागेल. या भागातील पुष्कळ मराठी कुटुंबांचे पूर्वज पैनगंगेपलीकडून आले. त्यांतील बहुतेक गरीबच होते आणि त्यांनी घाम गाळूनच शेती केली, यात शंका नाही. परंतु कचेरी कशी चालते, तलाठ्यास काय सांगावे, अर्ज कोठे करावा, हे आलेल्यांस कळत होते आणि येथल्या मूळ माणसास कळत नव्हते. म्हणून येथे आलेल्याला कागद मिळाला, आणि असलेल्याचा गेला. अमेरिकेत आलेला कागदहीन आहे. आपल्या जिल्ह्यात असलेलाच कागदहीन झाला. तेव्हा ज्याच्या हाती कागद तोच खरा, आणि ज्याच्या हाती नाही तो उपरा, हा हिशेब बरोबर नाही, याची साक्ष देण्यास आदिलाबादपेक्षा दुसरा जिल्हा शोधावयास नको.

आमच्या विषयाशी ही गोष्ट आणखी एका धाग्याने बांधलेली आहे. गोंडांमध्ये परधान नावाचे गायक असतात. किकरी नावाचे तंतुवाद्य वाजवीत ते आपल्या यजमानांच्या कुळाची कथा गातात: मूळ पुरुष कोण, कोणत्या वाटेने कूळ आले, देव कोठे बसविले. ज्या समाजात लिहिलेली वही नव्हती, त्या समाजाची वही म्हणजे हा गायक. आणि आश्चर्य असे की, आजच्या कायद्यालाही याचे मोल पटले आहे. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला, आणि २००८ साली त्याचे नियम झाले. त्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत सरकारी कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानी, वंशावळी, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा आणि देवस्थाने यांनाही स्थान दिलेले आहे. म्हणजे स्मरण हाही पुरावा. तरीही लाखो दावे फेटाळले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशांना जमिनीवरून हलविण्याचा आदेश दिला, आणि देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला. झगडा अजून संपलेला नाही.

महाराष्ट्रातील गाण्यांकडे पाहिले तरी तीच कथा दिसते. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस गेले, आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. पण तिच्या मुळाशी आहे तो पोटासाठी घरधनीण मागे ठेवून शहरात गेलेला मजूरच. १९८१ साली त्याच मुंबईत पदपथावर राहणाऱ्यांस आपापल्या गावी परत पाठविण्याचा हुकूम निघाला. तमिळनाडूतील सेलम जिल्ह्यातून आलेल्या एका भूमिहीन मजुराची झोपडी २३ जुलै १९८१ रोजी मोडण्यात आली, आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या गाडीत बसविण्यात आले. बायको व मुली तेथे राहिल्या. तो कामासाठी पुन्हा मुंबईस आला. स्वतःच्या देशातील ही हद्दपारीच नव्हे काय? तो दाव्यातील एक अर्जदार होता. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. तथापि रीतसर सूचना देऊन झोपड्या हलविता येतील. १९७६ सालच्या गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी असेही सांगितले. पुन्हा कागदच आडवा आला: नोंद असेल त्याला जागा, नसेल त्याला नाही.

त्याच सुमारास ‘हमारा शहर’ हा मोडणाऱ्या झोपड्यांवरील बोलपट निघाला, आणि त्यात मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आहे. झोपडीवाल्यांची व्यथा त्यांनी झोपडीतूनच गाइली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले. ते दुःख शाहिरांस सोसले नाही, आणि चारच दिवसांनी त्यांचा करुण अंत झाला. दुसऱ्यांचे ओझे गाण्यात वाहणाऱ्याच्या खांद्याला कोणी खांदा द्यावयास हवा होता, ही खंत मागे राहिली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. प्रत्येक राष्ट्रास आपल्या सीमा राखण्याचा अधिकार आहे. नियमाने येणाऱ्याने रांगेत तिष्ठावे आणि नियम मोडणाऱ्याने गाणे गावे, हा कोणता न्याय? आम्ही म्हणतो, माणसाने कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार राज्यास आहे. पण त्याला नाव आहे की नाही, केलेल्या कामाची मजुरी त्याला मिळावी की नाही, त्याच्या प्रेतावर नावाचा दगड बसावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही राज्यास नाही. ही सारी गाणी मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीविषयी आहेत. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी निर्वासितांविषयी जे पत्र काढले, त्यात हेरोदाच्या भयाने मिसर देशी पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श मानले आहे. योसेफ, मरिया आणि बाळ येशू यांच्यापाशी मिसरच्या राजाचा परवाना होता, असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही.

गाण्याने सर्व काही होते असाही आमचा दावा नाही. लॉस गाटोसच्या अपघातानंतर सहाच वर्षांनी, १९५४ साली, अमेरिकेने मेक्सिकन मजुरांना परत पाठविण्याची त्याहून कितीतरी मोठी मोहीम काढली. मुंबईच्या झोपड्याही मोडावयाच्या त्या मोडल्याच. कायदा बदलावयाचा तर विधिमंडळात बदलावा लागतो, वकील लागतात, वर्षे लागतात. गाणे एवढेच करते, की तोवर विसर पडू देत नाही.

आखाताची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आपल्या भागातून, विशेषतः निर्मलकडून, पुष्कळ तरुण आखाती देशांत जातात. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, मजुरी ठरल्याप्रमाणे दिली नाही, म्हणून काम सोडून जो बाहेर पडतो, त्याला तेथे आपल्याच लोकांत ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. एका रात्रीत तो कागदहीन होतो. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अशांना दंडावाचून परत जाण्याची किंवा परवाना नीट करून घेण्याची सवलत दिली होती. अशी संधी क्वचित येते. म्हणून मुलगा निघण्यापूर्वी दलाल सरकारदरबारी नोंदलेला आहे काय, हे पाहावे. करारनामा वाचून घ्यावा. आणि पासपोर्ट, व्हिसा व करारनामा यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. नोंदणीवाचून दलाली करण्यास १९८३ च्या कायद्याने मनाई केलेली आहे.

आणि जे आपल्याकडे येतात त्यांचे काय? कापूस वेचणीला, वीटभट्टीला, रस्त्याच्या कामाला दरसाल परगावची माणसे आपल्या शिवारात येतात. हंगाम संपला की निघून जातात. मुकादमाचे नाव सर्वांस ठाऊक असते. त्यांचे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्यातील एखादे मूल तापाने गेले, तर ते कोणत्या गावचे हे सांगणारा सापडत नाही. प्रत्येक गावच्या तरुण मंडळाने किंवा भगिनी मंडळाने एवढे एक काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. हंगामाच्या आरंभी त्यांच्या पालांवर जाऊन, त्यांच्या संमतीने, प्रत्येकाचे नाव, गाव, घरच्या माणसाचा दूरध्वनी आणि ठरलेली मजुरी एका वहीत लिहून ठेवावी, आणि ती वही जबाबदार हाती जपावी. गाणे रचणारा प्रत्येक गावी जन्मास येतोच असे नाही. वही मात्र कोणत्याही दुकानात मिळते.